वहिनींची सही

गाणं परत आलं तेव्हा कानसेनांनी सगळं खापर स्पीकरांवर फोडलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांना तोंडावर सुनावणारं घरात कुणी नव्हतं. घरात होत्या फक्त वहिनी, म्हणजे त्यांची बायको. वहिनींनी लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या बाकी सगळ्या गोष्टींबद्दल शंका घेतल्या होत्या, कानाबद्दल मात्र कधीच नाही.

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तानसेन व्हायला जमलं नाही तर निदान कानसेन तरी व्हावं, ही आपल्याकडची जुनी थट्टा. ती त्यांना तरुणपणी चिकटली आणि पुढे तिच्यातली थट्टा गळून नुसता मान उरला. एका स्टुडिओत त्यांनी रेकॉर्डिस्ट म्हणून उभी हयात काढली. स्टुडिओ म्हटल्यावर फार काही डोळ्यांसमोर आणू नये. एका छापखान्याच्या वरचा मजला, भिंतींना गोणपाट, मधे काच, काचेपलीकडे गाणारे आणि अलीकडे हे. खालचं मोठं यंत्र सुरू झालं की वरची जमीन थरथरायची, म्हणून गाण्याचा खरा टेक घ्यायचा तो खालच्या कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत. कानसेनांनी खालच्या फोरमनशी संधान बांधलं होतं. पाण्याच्या पाइपवर वरून पान्याने ठोकलं की तो आणखी थोडा वेळ यंत्र बंद ठेवायचा. किती तरी प्रेमगीतं त्या फोरमनच्या मेहरबानीवर पुरी झाली, आणि ते बिचाऱ्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

मग जो तो घरीच रेकॉर्डिंग करायला लागला आणि स्टुडिओ बंद पडला. कानसेन निवृत्त झाले. लेक नोकरीसाठी दुसरीकडे राहायला गेल्यावर तिच्या खोलीत त्यांनी एक कॉम्प्युटर मांडला, बाहेरच्या खोलीतले गाणी ऐकायचे जुने स्पीकर आत आणले आणि दाराला आतून कडी लावून बघितली. पण काम नव्हतं. काम आणलं पेटीमास्तरांनी.

पेटीमास्तर हे त्यांचे जुने दोस्त. संगीतकार, पण हार्मोनियम स्वतःच खांद्यावर घेऊन हिंडायचे म्हणून पेटीमास्तर. एके काळी त्यांनी मुलांची गाणी केली होती, बायकांच्या कोरसची, आणि ती सगळी कानसेनांनीच टेपवर उतरवली होती. आता त्या टेपा घासूनपुसून पुन्हा बाहेर काढायच्या होत्या. पहिलं गाणं कानसेनांनी मोठ्या हौसेने स्वच्छ करून पाठवलं. दोन दिवसांनी फोन आला.

“कानसेन, गाणं ऐकलं.”

“मग?”

“छानच आहे. म्हणजे सगळं छान आहे. फक्त त्या बायका जरा फुसफुसतायत रे. ‘स’ आला की कानात सुई जाते. सुनेने तर गाणंच बंद करायला लावलं.”

“तुझ्याकडे स्पीकर कुठले आहेत?”

“तीन ठिकाणी ऐकलं. गाडीतसुद्धा.” पेटीमास्तर थोडं थांबले. “वहिनींची सही झाली होती ना?”

“झाली होती.”

“मग नवल आहे. बरं, असं कर, दुसरं एक करून पाठव. मग बघू.”

‘मग बघू’ म्हणजे काय हे कानसेनांना कुणी सांगायची गरज नव्हती. काचेपलीकडच्या कितीतरी बेसुऱ्या गवयांना त्यांनी स्वतः हेच दोन शब्द सांगून जिन्यापर्यंत पोचवलं होतं. दुसरंही गाणं परत आलं तर पेटीमास्तर भांडणार नव्हते, रागावणार नव्हते. टेपांचा गठ्ठा गुपचूप दुसऱ्या कुणाकडे गेला असता, आणि ज्या गाण्यांचा जन्म आपल्या हातून झाला ती दुसऱ्याच्या खोलीत न्हाऊनमाखून तयार झाली असती. त्यानंतर कुणाचाच फोन येणार नव्हता. कानसेन मग कानसेन राहिले नसते, मफलर गुंडाळून बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एक झाले असते. हे त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

म्हणून स्पीकर. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. घरी गाणी ऐकायचे स्पीकर आणि कामाचे स्पीकर यांत फरक असतो. घरचा स्पीकर पाहुण्यासारखा गोड बोलतो, तुमचं गाणं आहे त्यापेक्षा बरं करून सांगतो. कामाचा स्पीकर, ज्याला धंद्यात मॉनिटर म्हणतात, त्याने आहे ते सांगायचं. तोंडावर सांगायचं. कानसेनांना असा एक लहानसा जोड हवा होता, टेबलावर मावेल असा आणि निवृत्त माणसाच्या खिशाला झेपेल असा.

आता वहिनींची सही म्हणजे काय, ते सांगायला हवं. वहिनी शिवणकाम करायच्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. घरात पायमशीन, मशीनच्या वर फळीवर एका स्पीकरचा जुना टेपरेकॉर्डर. स्टुडिओत गाणं पुरं झालं की कानसेन त्याची कॅसेट शर्टाच्या खिशात घालून घरी आणायचे आणि मशीन चालू असताना लावायचे. त्यांचं तत्त्वच होतं ते. म्हणायचे, “आपण डोळे मिटून ऐकतो, तसं जगात कुणी ऐकत नाही. लोक दाढी करताना ऐकतात, भांडी घासताना ऐकतात. मशीनच्या खडखडाटातून शब्द कळले तर गाणं पास.” वहिनी शिवत राहायच्या. सगळं ठीक असेल तर गाणं संपल्यावर नुसती मान हलवायच्या. कुठे काही खटकलं तर मशीनच्या पेडलवरचा पाय थांबायचा आणि त्या म्हणायच्या, “इथे काहीतरी अडतंय बघा.”

दुसऱ्या दिवशी कानसेन स्टुडिओत जाऊन टेप त्या जागी आणायचे, आणि खरोखरच तिथे बासरीने शब्द गिळलेला असायचा किंवा तबला पुढे आलेला असायचा. दर वेळी ते थक्क व्हायचे. हळूहळू स्टुडिओत रिवाजच पडला. मोठमोठे संगीतकार फोन करून विचारायचे, वहिनींची सही झाली का? एका बासरीवाल्याला तर आपली बासरी पुन्हा वाजवावी लागली आणि पुढे आयुष्यभर तो वहिनींना वचकून होता. कानसेन मात्र बायकोच्या कौतुकाने फुलून जायचे. आम्हाला आतून कळत नाही ते हिला बाहेरून कळतं, असं ते ज्याला त्याला सांगायचे.

तर कानसेन दुकानात गेले. वाद्यांचं आणि असल्या सामानाचं दुकान, आत एक काचेची खोली, खाली जाड गालिचा, समोर भिंतभर स्पीकर आणि हाताशी बटणं. हा दुकानदार पूर्वी त्यांच्या स्टुडिओला कोऱ्या टेपा पुरवायचा. त्याने बटणं दाबून दाबून सगळे ऐकवले. सगळेच छान वाजले.

“इथे ऐकून काही कळायचं नाही,” कानसेन म्हणाले. “इथे माझा खोकलासुद्धा सुरेल वाटतोय.”

“मग घरी न्या,” दुकानदार म्हणाला. “तुमच्या बजेटातले तीन जोड देतो. एक ठेवून घ्या, दोन परत करा. तुमचा कान, त्याला आम्ही काय शिकवणार.”

हे वाक्य कानसेनांनी रिक्षात बसल्यावर दोनदा आठवलं आणि त्यांना बरं वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी तिन्ही जोडांना नावं ठेवली. पहिला जोड पैलवान. अंगाने थोराड, पाठीमागे हवा जायला भोक. खोली लहान, टेबल भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे ढोलक वाजलं की भोकातला आवाज भिंतीवर आपटून परत यायचा आणि लेकीच्या कपाटाचं दार खडखडायचं. पैलवानाला कानसेनांनी दुसऱ्याच गाण्याला निकालात काढलं. दुसऱ्या जोडाचं नाव हसरी, आणि तिसऱ्याचं मुखदुर्बळ.

हसरी लावली आणि कानसेन खुर्चीत सरळ बसले. झांजेची किणकिण, बायकांच्या आवाजावरची चकाकी, सगळं लख्ख. क्षणभर त्यांना छापखान्याच्या शाईचा वास आल्यासारखा वाटला. काचेपलीकडचा एकच माइक, त्याच्याभोवती अर्धगोल करून उभ्या राहिलेल्या बायका, कुणाचा पदर कागदावर येतोय म्हणून दुसरी तो मागे सारतेय, आणि आपण तिशीतले, कानामागे पेन्सिल खोचलेले. कित्येक वर्षांत गाणं असं ऐकलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही, कारण खोलीत कुणी नव्हतं.

मग मुखदुर्बळ लावला. तो अगदीच लहानखुरा, काळा, दिसायला चहाच्या डब्यासारखा. गाण्यावर कुणीतरी गोधडी पांघरली आहे असं वाटलं. शब्द कळत होते, पण जीव कशातच नव्हता. कानसेनांनी अर्ध्यावरच बंद केलं. हसरीच ठेवायची हे ठरलं होतं, पण रिवाज म्हणजे रिवाज. त्यांनी दार उघडलं आणि हाक मारली.

“अगं, सही पाहिजे.”

दुपारची वेळ होती. वहिनी बाहेरच्या खोलीत मशीनवर होत्या. अजूनही ओळखीपाळखीचं थोडंफार शिवण त्या घ्यायच्या. मशीन तेच, पलीकडे गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला ठेवलेला उंच आरसाही तोच. पेटीमास्तरांचं पहिलं गाणं इथेच, असंच पास झालं होतं. दार उघडं, आत गाणं, बाहेर मशीन, आणि दाराला टेकून कानसेन.

पण आज वहिनींनी सुई कापडातच ठेवून पाय थांबवला. “आत येऊन ऐकते,” म्हणाल्या.

“आत कशाला? बाहेरूनच तर कळतं तुला.”

“आज आत बसते.”

त्या आल्या आणि कानसेनांच्या खुर्चीत बसल्या. त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. कानसेनांनी आधी मुखदुर्बळ लावला, म्हणजे नंतर हसरीचा फरक कळावा. दुकानदारी त्यांनाही येत होती. वहिनींनी शांतपणे ऐकलं. मग हसरी लावली. पहिल्या ओळीलाच वहिनींनी मान मागे घेतली.

“काय झालं?”

“टोचतंय.”

“काय टोचतंय?”

“‘स’ टोचतोय. आणि ती झांज. दात शिवशिवतात माझे.”

कानसेन हसले. “काहीतरीच काय. पेटीमास्तरचं ऐकून तू पण सुरू केलंस. अगं, पहिल्या गाण्याला तूच तर सही दिलीस. तेव्हा नाही टोचलं ते?”

मांडीवरचा दोऱ्याचा तुकडा वहिनींनी उचलला, बोटाला गुंडाळला, सोडवला.

“तेव्हाही टोचलं होतं,” त्या म्हणाल्या.

कानसेनांनी गाणं थांबवलं.

“मग मान का हलवलीस?”

“तुमची घडी सुटली नाही म्हणून.”

“कसली घडी?”

“हाताची.” वहिनींनी एक दीर्घ श्वास घेतला, जसा माणूस कडू औषध घेण्याआधी घेतो. “अहो, मला गाण्यातलं काय कळतंय? आणि मशीन चालू असताना ऐकू तरी कितीसं येणार? मी आरशात बघायचे. तुम्ही मागे दाराला टेकून हाताची घडी घालून उभे असायचात. जिथे तुमच्या मनासारखं झालेलं नसेल तिथे घडी सुटायची आणि डावा अंगठा हनुवटीखाली जायचा. मग मी पाय थांबवायचे आणि म्हणायचे, इथे काहीतरी अडतंय.”

“आणि घडी सुटली नाही तर?”

“तर सही.”

कानसेन पलंगाच्या कडेवर बसले. बासरीवाल्याचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. ते सगळे फोन आठवले. ज्याला त्याला सांगितलेलं कौतुक आठवलं.

“म्हणजे इतकी वर्षं तू मला फसवलंस,” ते म्हणाले.

“फसवलं कुठे? तुमच्याच मनातलं तुम्हाला सांगितलं,” वहिनींचा आवाज चढला. “पहिल्यांदा तुम्ही विचारलंत तेव्हा लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. मला काही कळत नाही, असं कसं म्हणू? मग अंदाजाने बोलले, तर दुसऱ्या दिवशी नाचत आलात. तिसऱ्या खेपेला सांगणार होते, तोवर तुम्ही सगळ्या स्टुडिओत दवंडी पिटून मोकळे. मग काय करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगू का, तुम्हाला स्वतःचं ऐकायची सवयच नव्हती. तेच मी म्हटलं की पटायचं.”

ते खरं होतं. टेप त्या जागी आणली की तिथे चूक सापडायची, कारण चूक तिथे आहे हे आपल्याला आदल्या दिवशीच ठाऊक असायचं. फक्त स्वतःच्या शंकेवर विश्वास नव्हता. दुसरीच्या तोंडून ती ऐकली की तिला वजन यायचं. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, आणि इथे सोनार होता आरशात.

कानसेनांना हसू येत होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. पुढचा प्रश्न त्यांना सुचला होता.

“पहिल्या गाण्याच्या वेळी मग माझी घडी का सुटली नाही?”

“तेच म्हणतेय मी,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “तुमचा चेहरा इतका निवांत होता. मला टोचत होतं, पण मी म्हटलं, ह्यांना टोचत नाही म्हणजे ते तसंच असायला हवं. मला काय कळतंय.”

मग कानसेन उठले, वहिनींच्या खांद्यावरून हात लांबवून त्यांनी कॉम्प्युटरवर एक सूर सुरू केला. टेपयंत्र जुळवताना लावायचे तसला, कोरडा, शिट्टीसारखा. तो हळूहळू चढत जातो.

“ऐकू येतोय तोवर सांगत राहा.”

“येतोय,” वहिनी म्हणाल्या.

सूर चढत गेला. बारीक झाला, आणखी बारीक झाला, दोऱ्यासारखा झाला आणि कानसेनांच्या कानातून सुटला. त्यांना पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. खालून कुणाची तरी सायकल गेली ती ऐकू आली.

“येतोय,” वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “येतोय.” पडद्यावरची रेघ सरकत होती. “अजून आहे. डास गुणगुणावा तसा. बंद करा आता, बरा नाही वाटत.”

कानसेनांनी बंद केला. त्यांच्यासाठी तो मघाशीच बंद झाला होता.

हसरी का आवडली, हे आता त्यांना लहान मुलाला समजावं तसं समजलं. जे आपल्याला ऐकू येईनासं झालं होतं ते ती ओरडून ओरडून सांगत होती. पहिल्या गाण्यात त्यांनी स्वतः तेच केलं होतं, स्वतःला ऐकू येईपर्यंत झांज आणि ‘स’ वर चढवत नेले होते. पेटीमास्तरांच्या सुनेच्या कानात सुई गेली ती अशी. स्पीकरांचा काही दोष नव्हता. त्यांना वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं. चोर घरात कधी आला, कधी गेला, काय काय नेलं, कशाचाच पत्ता लागला नव्हता.

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्या हेच करत आल्या होत्या, आता त्याला आरसा लागत नव्हता एवढंच.

“चहा टाकते,” त्या म्हणाल्या.

“टाक. पण आधी एक सांग. तुझ्या कानाला कुठला बरा वाटला? माझ्याकडे बघू नकोस. तिकडे भिंतीकडे बघ आणि सांग.”

वहिनींनी खरोखरच भिंतीकडे तोंड केलं. “तो काळा डबा. त्यात बायका बायकांसारख्या वाटतात.”

म्हणून मुखदुर्बळ घरात राहिला. ज्या जोडात त्यांना स्वतःला सगळ्यात कमी ऐकू येत होतं, नेमका तोच जोड कानसेनांनी ठेवून घेतला. दुकानदाराला आश्चर्य वाटलं. “हसरी का नको?” त्याने नाव ऐकून विचारलं. “सगळे तीच नेतात.”

“तिला खोटं बोलायची सवय आहे,” कानसेन म्हणाले. “तोंडावर चांगलं बोलते.”

वहिनींनी जुन्या गणवेशाच्या जाड कापडाच्या दोन गाद्या शिवून दिल्या, त्यांवर ते दोन डबे कानाच्या उंचीला बसले. टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. खोलीत आता दोन खुर्च्या झाल्या. पेटीमास्तरांचं दुसरं गाणं सुरू झालं.

सुरुवातीचे काही दिवस घरात चांगलीच भांडणं झाली. वहिनींना धंद्याचे शब्द येत नव्हते आणि कानसेनांना शिवणाचे. “इथे जरा चुण्या पडल्यात,” असं त्या म्हणायच्या, आणि कानसेन कपाळाला हात लावायचे. मग कळलं की चुण्या म्हणजे दोन आवाज एकमेकांवर चढतायत. ‘काठ उसवलाय’ म्हणजे शब्दाचा शेवट तुटलाय. आणि ‘उभा दोरा’ म्हणजे काय हे तर शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो काढला की गाणं बरं व्हायचं. मुख्य म्हणजे वहिनींना आधी भीती वाटायची. “मला वाटतं बरं का, चूक असेल,” अशी प्रत्येक वाक्याची सुरुवात. कानसेन म्हणायचे, “तुला वाटतं ना? मग तेच सांग.” आणि त्या चोरून आपल्या हनुवटीकडे बघतायत असं दिसलं की ते पाठ फिरवून बसायचे.

शेवटी राहिला ‘स’. एका ओळीत तो तीनदा येत होता. कानसेनांनी कॉम्प्युटरच्या उंदरावर हात ठेवला आणि पडद्यावरची सरकती कळ खाली आणायला लागले.

“अजून कमी,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी कमी केलं.

“अजून. थोडंसंच. आता पुन्हा लावा. हां, बस.”

कानसेनांना काडीचाही फरक कळला नव्हता. कळ वर होती तेव्हा जसं होतं तसंच आताही होतं. उभ्या हयातीत त्यांनी न ऐकलेली गोष्ट टेपवर जाऊ दिली नव्हती. हात कळीवर तसाच राहिला. पुन्हा एकदा आपल्याला ऐकू येईपर्यंत ती वर न्यावी असं त्यांना फार वाटलं.

“बस म्हटलं ना,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी हात काढला.

ते गाणं परत आलं नाही, एवढं इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. पेटीमास्तरांनी सगळ्या टेपा एका पिशवीत भरून पाठवून दिल्या. पण त्या दुपारी हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या दुपारी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सलग ऐकायचं ठरलं. कानसेनांनी लावलं. दोघं शेजारी शेजारी बसून ऐकत राहिले. गाणं संपलं आणि कानसेनांनी थांबवायला हात पुढे केला.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “ते काय होतं?”

“कुठलं?”

“गाणं संपल्यावर. कुणीतरी श्वास सोडल्यासारखं.”

“संपल्यावर काही नाही. नुसती टेप आहे.”

“आहे. लावा परत.”

त्यांनी लावलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. पण पडद्यावर सपाट रेघेच्या शेवटी एक बारीकशी लव उठलेली दिसली, आणि ती बघितल्यावर त्यांच्या सगळं ध्यानात आलं.

“शेवटचा सूर संपला तरी तो खोलीत थोडा वेळ राहतो,” ते सांगायला लागले. “तो पुरता विरेपर्यंत कुणी हलायचं नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मी काचेमागे हात वर करून उभा राहायचो. मुद्दाम जरा जास्तच वेळ धरायचो कधीकधी. लाल व्हायच्या बिचाऱ्या. माझ्या हाताकडे बघत, डोळ्यांनी शिव्या देत उभ्या. आणि मी हात खाली केला की सगळ्यांचा श्वास एकदम सुटायचा. तो मी कापायचो. नेहमी तिथेच कापायचो. हा दिसला नाही म्हणून राहिला.”

“मग आता कापणार?”

“कापायलाच हवा. गाण्यात नाही चालत ते.”

पण त्यांनी कापला नाही. त्यांनी तो टीचभर तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा लावला. समोर काच, काचेपलीकडे अर्धगोल, त्यातली प्रत्येक जण कुठे उभी असायची, कुणाच्या हातात घड्याळ होतं, कोण चपला दाराबाहेर न काढता आत यायची, सगळं त्यांना दिसत होतं. आवाज तेवढा येत नव्हता.

“किती जणी आहेत?” त्यांनी विचारलं.

वहिनींनी डोळे मिटले. “परत लावा,” म्हणाल्या. मग, “चार.”

कानसेनांनी हाताची घडी घातली आणि ती घट्ट धरून ठेवली.

“नाही. थांबा. एक जण मागाहून सोडते. बाकीच्यांचा होऊन गेल्यावर. पाच आहेत.”

“पाचच होत्या,” कानसेन म्हणाले. “ती शाळेत शिकवायची. दम मोठा होता तिचा.”